मुळाशी कोण बघतंय?

सोमवारी सकाळी गेटवर टेम्पो उभा दिसला आणि पोटात गोळा आला. कस्टमरकडून परत आलेला माल. १७ दातांचे पिनियन, म्हणजे छोटे गिअर, चाचणीच्या मशीनवर दात तुटलेले.

भोसरीत गिअर कटिंगच्या शॉपमध्ये मी क्वालिटी बघतो. दात तुटला की लोक आधी मटेरियलला शिव्या घालतात, मग हीट ट्रीटमेंटला. मी तुकडा भिंगाखाली धरला. तुटलेल्या भागावर शिंपल्यावर असतात तशा रेषा होत्या. म्हणजे फटीग, पुन्हा पुन्हा ताण येऊन हळूहळू वाढलेली चीर, एका दणक्यात गेलेला दात नव्हे. सगळ्या रेषा दाताच्या मुळाशी एका कोपऱ्यातून निघालेल्या. तिथे नख फिरवलं, तर अडकलं.

हॉबिंग म्हणजे हॉब नावाच्या फिरत्या कटरने दात कापणं. ते झाल्यावर जॉब हार्ड होतो, मग ग्राइंडिंग व्हीलने दातांच्या बाजू घासून नेमक्या होतात. व्हील मुळाशी घासू नये म्हणून प्रोट्युबरन्स हॉब लागतो. तो मुळाजवळ केसभर जास्त कापून व्हीलला जागा करून ठेवतो. आमचा हॉब धार लावायला गेला होता, डिस्पॅचची तारीख डोक्यावर होती, म्हणून प्रोडक्शनने लॉट साध्या हॉबवर काढला. व्हीलने मुळाशी बारीक पायरी पाडली. गोलाई गेली, कोपरा आला, आणि ताण कोपऱ्यातच साठतो. तेव्हा मी हरकत घेतली होती. उत्तर मिळालं, "मुळाशी कोण बघतंय? समोरच्या गिअरचा दात तिथवर पोचतच नाही!" या लोकांना महिनाअखेरचा आकडा सोडून काही दिसत नाही. पण डेव्हिएशनवर, म्हणजे ठरलेली पद्धत सोडायच्या परवानगीवर, सही माझीच आहे.

जेवणाच्या सुट्टीत शिकाऊ पोरगा मोबाईल घेऊन आला. "सर, हे बघा, किड्याचं गिअर."

"फोटोशॉप आहे रे," म्हटलं.

नव्हतं. इसस नावाचा युरोपातला किडा, आपल्या भातावरच्या तुडतुड्यांच्या नात्यातला. २०१३ मध्ये केंब्रिजच्या माल्कम बरोज आणि ग्रेगरी सटन यांनी 'सायन्स'मध्ये त्याच्या पिल्लांबद्दल लिहिलं. मागच्या दोन्ही पायांच्या मुळाशी दातेरी पट्टी, प्रत्येकीवर १० ते १२ दात, एकमेकांत अडकलेले. उडी मारताना एक पाय जरा जरी आधी सुटला तर किडा हवेत गरागरा फिरेल, आणि नसांमधून येणारा निरोप इतकी अचूक वेळ साधू शकत नाही. म्हणून दोन्ही पाय दातांनीच बांधलेले. सुटण्यातला फरक ३० मायक्रोसेकंदांच्या आत.

मी फोटो मोठा करून थेट मुळाशी गेलो. दुसरं काही बघायचं सुचलंच नाही. प्रत्येक दाताच्या मुळाशी गोलाई होती. दात एका बाजूला झुकलेले, कारण जोर एकाच दिशेने लागतो. आमचे दात दोन्ही बाजूंनी सारखे, गाडीला रिव्हर्सही लागतो.

पट्टी साधारण ४०० मायक्रॉन, म्हणजे ०.४ मिलिमीटर लांब. रिजेक्शनच्या लाल टॅगमागे हिशेब केला. अकरा दात धरले तर पिच, म्हणजे एका दातापासून पुढच्या दातापर्यंतचं अंतर, छत्तीस मायक्रॉन, भागिले ३.१४. मॉड्यूल, म्हणजे दाताच्या आकाराचं माप, आला ०.०१२ मिलिमीटर. आमच्या कपाटातला सगळ्यात बारीक हॉब ०.५ चा आहे, आणि तो दाखवून आम्ही कस्टमरसमोर मिरवतो.

"सर, आणि मोठा झाल्यावर हे गिअर राहतच नाही," पोरगा म्हणाला. शेवटची कात टाकली की दात गायब. का, याचा संशोधकांचा एक अंदाज असा, की पिल्लाचा दात तुटला तर पुढच्या कातीबरोबर नवा येतो. मोठा किडा कात टाकत नाही, त्याचा तुटला की तुटलाच.

"सर, याला बॅकलॅश, दातांमधली मोकळीक, किती ठेवला असेल?"

"जेवून घे," म्हटलं.

संध्याकाळी कस्टमरला पाठवायचा ८डी रिपोर्ट, म्हणजे चूक का झाली आणि पुन्हा कशी टाळणार याचा अहवाल, टेबलावर आला. 'मूळ कारण' या रकान्यात प्रोडक्शनने आधीच लिहून ठेवलं होतं: टूल उपलब्ध नव्हतं. मी ते खोडलं. रिपोर्ट उद्या अकरापर्यंत द्यायचाय, रकाना अजून रिकामा आहे, आणि खाली सही पुन्हा माझीच लागणार.