सिनेमा हिट झाला म्हणून पुतळा निघत नाही

आमच्याकडे सगळ्यात जास्त येणारा मेसेज म्हणजे "तुम्ही अमक्या सिनेमाचा स्टॅच्यू का काढत नाही, एवढा तुफान चालला तो." लोकांना वाटतं की आम्ही कमाईचे आकडे बघतो, सगळ्यात वरचा सिनेमा उचलतो आणि कामाला लागतो. सिनेमातल्या कॅरेक्टर्सचे कपाटात ठेवायचे पुतळे करणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी लायसन्सिंग, म्हणजे हक्क मिळवायचं काम, बघते, पुण्यात नऱ्ह्याला आमचं वर्कशॉप आहे, खाली कास्टिंग म्हणजे साच्यात ओतायचं काम, आणि पेंटिंग, वर ऑफिस, आणि रेझिनचा वास दोन्हीकडे. गेल्या वर्षी एक दिवस असा आला की हा सगळा निवडीचा प्रकार सकाळपासून संध्याकाळपर्यंत माझ्यासमोर उलगडला, तो लिहिते. आमच्या दोन सिनेमांची नावं देता येणार नाहीत, करारात तसंच आहे.

टेबलावर दोन सिनेमे होते. एक म्हणजे आदल्या वर्षीचा प्रचंड हिट, हिरो मोठा, थिएटरात शिट्ट्या आणि नाणी उडवलेला. दुसरा ऐंशीच्या दशकातला हिंदी भुताटकीचा सिनेमा, जो त्या वेळी फारसा चालला नव्हता, पण नंतर व्हिडिओ कॅसेटवर आणि केबलवर बघून आमच्या पिढीतल्या पोरांची झोप उडाली होती. दोन्हीचे हक्क एकाच बॅनरकडे, आणि त्यांचे एजंट मुंबईहून येणार होते. घाटात ट्रॅफिक लागलं म्हणून मीटिंग लांबली आणि तोपर्यंत सर, म्हणजे आमचे मालक, फक्त हिटबद्दलच बोलत होते. आमचे मूर्तिकार काका मूळचे पेणचे, गणपतीच्या सीझनला गावी असतात आणि बाकी वर्ष आमच्याकडे. कॉम्प्युटरवर मॉडेल पोरं करतात पण चेहरा काका आधी क्लेमध्ये बघतात. त्यांनी हौसेने हिरोचं डोकं करूनच ठेवलं होतं. एकास चार स्केलला सहा फुटी माणूस दीड फुटाचा होतो, त्यामुळे डोकं जेमतेम सव्वादोन इंच, पण डाव्या भुवईची ती किंचित वर गेलेली कड त्यात बरोब्बर आली होती, मी बघतच राहिले.

एजंट आले, चहा झाला, कराराचा मसुदा पुढे आला. मी सवयीने आधी हक्क कुठले देतायत तेच पान काढलं. त्यात सिनेमाचं नाव, लोगो, कॅरेक्टरचं नाव, कपडे, शस्त्र, पोस्टरची डिझाइन, सगळं होतं. चेहरा नव्हता. मी एजंटना विचारलं, "सर, हिरोचा चेहरा?" ते म्हणाले, "तो वेगळा बघावा लागेल मॅडम, त्यांच्या टीमशी."

हे बाहेरच्या माणसाला पटतच नाही. सिनेमा निर्मात्याचा, कॅरेक्टर निर्मात्याचं, पण त्याला ज्याचं तोंड आहे तो माणूस स्वतःच्या तोंडाचा मालक. आणि हे काही हवेतलं नाही. 2010 साली दिल्ली हायकोर्टात दलेर मेहंदींच्या बाजूने निकाल लागला, तो बाहुल्यांवरूनच होता, त्यांच्यासारख्या दिसणाऱ्या आणि त्यांच्या गाण्याच्या ओळी म्हणणाऱ्या बाहुल्या कोणीतरी विकत होतं. 2023 मध्ये अनिल कपूर यांच्या केसमध्ये तर त्याच कोर्टाने नाव, चेहरा, आवाज आणि "झकास"सुद्धा परवानगीशिवाय वापरायला मनाई केली. त्यामुळे आमच्या वकीलबाई चेहऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय साचासुद्धा ओतू देत नाहीत आणि ते बरोबरच आहे, ज्याचा चेहरा त्याला त्याचे पैसे मिळाले पाहिजेत असं मला मनापासून वाटतं.

जगभरातल्या स्टॅच्यू कंपन्यांची यादी बघा म्हणजे हेच दिसेल. अमेरिकेतली साइडशो, टोकियोची प्राइम वन, ब्राझीलची आयर्न स्टुडिओज, सगळीकडे परत परत तेच येतं, बॅटमॅन, प्रिडेटर, एलियन, डार्थ व्हेडर, डायनासोर. ही कॅरेक्टर्स लाडकी आहेत हे खरंच, पण त्यातल्या बहुतेकांचा चेहरा एकतर मास्कमध्ये आहे नाहीतर तो माणसाचाच नाही, म्हणजे तिथे एक सही कमी लागते. आणि दुसरं, अंधारात नुसती सावली पडली तरी ओळखू येतात. आपल्या हिटमधला हिरो जीन्स आणि शर्टात होता, चेहरा झाकला तर तो कोणीही असू शकतो. काकांनी स्वतःच हे सांगितलं. डोक्यावर हात ठेवून ते सरांना म्हणाले, "साहेब, हे काढलं तर खाली काय उरतं? शर्ट उरतो. शर्टाला कोण पैसे देणार?" एवढ्या मेहनतीने केलेलं डोकं हातात धरून माणूस हे सांगतोय, मला फार मोठं वाटलं ते.

सरांनी तरी हिरोच्या मॅनेजरना फोन लावायला लावला. ते नीट बोलले, पण अटी ऐकून अकाउंट्सच्या ताईंनी पेनच खाली ठेवलं. चेहऱ्याची वेगळी रॉयल्टी, वेगळी मिनिमम गॅरंटी, प्रत्येक टप्प्यावर हिरोची मान्यता आणि मान्यतेला मुदत नाही. म्हणजे स्केच, मग मॉडेल, मग रंगवलेला नमुना, मग खोका, सगळं एकदा बॅनरकडे आणि एकदा हिरोकडे जाणार. ते शूटिंगला परदेशी गेले तर आमचा पुतळा तिकडून परत येईपर्यंत इकडे थांबलेला.

मिनिमम गॅरंटी, आम्ही एमजी म्हणतो, म्हणजे माल विकला जावो न जावो, एवढे पैसे हक्कवाल्याला द्यायचेच. समजा एमजी 20 लाख आहे आणि आपण 400 पीस काढतोय, तर प्रत्येक पीसवर 5,000 रुपये रेझिनचा एक थेंबही ओतायच्या आधी चढले. मग पीस जास्त काढा असं कोणीही म्हणेल, पण इथे आमच्या धंद्याचं गणित वेगळं आहे. प्लॅस्टिकच्या खेळण्याला पोलादी साचा लागतो, तो लाखांत जातो, पण एकदा झाला की हजारोंनी माल निघतो, म्हणून खेळणीवाल्याला हजारो गिऱ्हाइकं असलेला सिनेमाच लागतो. आमचा साचा सिलिकॉनचा, त्यात पॉलिस्टोन म्हणजे दगडाची पूड घातलेलं रेझिन ओततो, पंचवीस-तीस पीस झाले की बोटांच्या, दातांच्या कडा मरायला लागतात आणि साचा नवीन करावा लागतो. प्रत्येक पीस हाताने घासायचा, हाताने रंगवायचा. म्हणून आम्हाला लाखो लोकांनी एकदा बघितलेला सिनेमा उपयोगाचा नाही, तीन-चारशे लोक ज्याच्याशिवाय राहू शकत नाहीत असा सिनेमा लागतो. हा फरक मी सरांना कितीदा सांगितला होता पण त्या दिवशी तो कागदावर आकड्यांत आला तेव्हा ते गप्प झाले.

आणि भरपूर माल काढून ठेवला तर काय होतं तेही सगळ्यांना माहितीय. 2023 मध्ये फंको या अमेरिकेतल्या बाहुल्या-खेळण्यांच्या कंपनीने स्वतःच जाहीर केलं की 3 ते 3.6 कोटी डॉलर किमतीचा माल नष्ट करणार, कारण तो गोदामात ठेवायचा खर्चच परवडेना. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत, आमचं गोदाम म्हणजे जिन्याखालची खोली.

हे सगळं चालू असताना खालून निरोप आला की एक गिऱ्हाईक आलंय. चाकणला गाड्यांच्या कंपनीत इंजिनियर आहेत, चाळिशीतले. कुरिअरमध्ये त्यांच्या पुतळ्याचं बोट तुटलं होतं, ते जोडून घ्यायला दिलं होतं. सरांच्या डोक्यात काय आलं काय माहीत, म्हणाले त्यांना वर बोलवा. "या साहेब, बसा, चहा घ्या, तुम्ही सांगा, तुम्ही नवीन पीस घ्यायचा हे कसं ठरवता?"

त्यांना वाटलं काहीतरी सर्व्हे आहे, पण मग मोबाइल काढून त्यांनी कपाटाचे फोटो दाखवले आणि पुढचा अर्धा तास कोणी मध्ये बोललं नाही. कपाटाची खोली 16 इंच, म्हणून बेस त्याच्यापेक्षा मोठा असेल तर पीस कितीही आवडला तरी नाही. स्केल सगळं एकास चार, मध्ये एकास दहाचा सात इंची पीस ठेवला तर तो बिचारा पोरगा दिसतो. "आणि मॅडम, मी एकटं कॅरेक्टर घेतच नाही. दिवाळीत किल्ल्यावर नुसते महाराज ठेवतो का आपण? कुंभारवाड्यातून मावळे आणतो, तोफा आणतो, विहीर करतो, तेव्हा कुठे किल्ला होतो. मी पहिला पीस घेताना विचार करतो की ही कंपनी याचा दुसरा, तिसरा काढणार का, का एक काढून गायब होणार." मग त्यांनी एक फोटो मोठा करून दाखवला. मधल्या कप्प्यात डावीकडे एक पीस, उजवीकडे एक, वर छोटा दिवा लावलेला, आणि मध्ये काहीच नाही. "ही जागा कशाची?" मी विचारलं. ते म्हणाले, "याचा व्हिलन अजून कोणी काढलेलाच नाहीये. काढतील कधीतरी."

एक माणूस, जी वस्तू जगात अजून नाही, तिच्यासाठी दिवा लावून जागा अडवून बसलाय. आम्ही तिथे सकाळपासून गेल्या वर्षीचे कमाईचे आकडे वाचत होतो.

मी त्यांना विचारलं, हा हिट सिनेमा बघितला का? "दोनदा बघितला, मस्त आहे." पुतळा घ्याल? थोडा विचार करून म्हणाले, "नाही हो. बघून झाला ना." मग मी दुसऱ्या सिनेमाचं नाव घेतलं, भुताटकीवाल्या. ते खुर्चीत पुढे आले. "तो? तो विहिरीतून वर येतो तो? करताय तुम्ही?" आणि मग त्या भुताची नखं कशी होती, कपाळावरची जखम कुठल्या बाजूला होती, शेवटी कंदील कोणाच्या हातात होता, हा माणूस सगळं सांगत सुटला. एजंट स्वतःच्याच बॅनरचा सिनेमा एका गिऱ्हाइकाकडून समजून घेत होते.

मला लगेच ब्लेड रनर आणि द थिंग आठवले. दोन्ही सिनेमे एकाच दिवशी लागले, 25 जून 1982, दोन्हीही थिएटरात आपटले, ई.टी. सिनेमापुढे कोणाचं चाललं नाही. आणि आज चाळीस वर्षांनंतरही त्यांच्या वस्तू लोक शोधून घेतात. थिएटरातलं वय वेगळं आणि कपाटातलं वय वेगळं. जे दहा-बारा वर्षांच्या वयात डोक्यात बसतं ते चाळिशीत हातात पैसे आले की माणूस घरी आणतो, आणि आमच्या धंद्याला एक पुतळा काढायला वर्ष-दीड वर्ष जातं, तेवढ्यात नवीन हिटची हवा कधीच ओसरलेली असते.

जुन्या सिनेमाची अडचण वेगळीच निघाली. रेफरन्स. बाहेरचे स्टुडिओ लायसन्स दिलं की कपड्यांचे फोटो, चारही बाजूंची डिझाइनं, कधी कधी नटाचं थ्रीडी स्कॅनसुद्धा देतात. जॉर्ज लुकासनी स्टार वॉर्सचे मर्चंडाइजचे हक्क स्वतःकडे ठेवले आणि 1977 च्या ख्रिसमसला खेळणी तयार नव्हती तर केनर या खेळण्यांच्या कंपनीने चक्क सर्टिफिकेट घातलेला खोका विकला, खेळणी पुढच्या वर्षी घरपोच आली, इतका त्या लोकांचा त्या वस्तूंवर भरवसा. आपल्याकडे सिनेमा संपला की ड्रेस ड्रेसवाल्याकडे परत, मास्क कुठेतरी माळ्यावर वितळला, संपलं. पुण्यात राहून याचं मला जास्तच वाईट वाटतं, कारण प्रभातच्या स्टुडिओच्या जागेवर एफटीआयआय उभी आहे, त्याच लॉ कॉलेज रोडवर 1964 पासून फिल्म अर्काइव्ह आहे, म्हणजे सिनेमा जपायची जाण इथे कधीपासूनची आहे, पण सिनेमातला वेष, शिरस्त्राण, राक्षसाचा हात, हे जपायचं फारसं कोणाला सुचलं नाही. ते जपलं असतं तर आज आपल्या कितीतरी कॅरेक्टर्सना पुतळे मिळाले असते.

एजंटनी तिथूनच मुंबईला फोन लावला आणि तासाभराने कळलं की मास्क गेला, पण मेकअप टेस्टचे कृष्णधवल फोटो कोणाच्या तरी फाइलमध्ये आहेत, समोरून आणि दोन्ही बाजूंनी. व्हॉट्सअॅपवर आले तेव्हा काकांनी मोबाइल माझ्या हातातून काढूनच घेतला.

मग बाकीचं पटपट झालं. चेहरा मेकअपखाली पूर्ण झाकलेला, म्हणून हिरोसारखी भानगड नाही, तरी वकीलबाईंनी त्या नटाच्या घरच्यांची लेखी संमती मागितलीच आणि मीही तोच आग्रह धरला. आधी भूत, मग मांत्रिक, मग विहीर आणि कंदीलवाली बाई, असे तीन पीस एकमेकांना जोडून उभे राहतील असे बेस, आणि बेस 15 इंचांच्या आत, हे त्या इंजिनियर साहेबांमुळे. करार तीन वर्षांचा, एमजी एकदम न देता प्रत्येक पीसच्या वेळी. सरांनी हिटच्या मसुद्यावर पेन्सिलने फुली मारली. काकांनी हिरोचं डोकं एकदा दिव्याखाली फिरवून बघितलं, आतली तार काढून घेतली आणि क्ले मळून परत डब्यात टाकली.

सध्या पहिला पीस मान्यतेत अडकलाय. बॅनरकडून शेरे आलेत की उजव्या हाताची नखं अर्ध्या सेंटिमीटरने लांब हवीत. काका म्हणतायत फोटोत तेवढीच आहेत, मी फोटो मोठा करून मोजून पाठवलाय, आणि इंजिनियर साहेबांचा दर आठवड्याला मेसेज येतो की प्री-ऑर्डर कधी उघडताय.