आप्पांचा फोन आणि बँकेचा ओटीपी

पैसे चोरणारं एक घाणेरडं ॲप सासऱ्यांच्या फोनमधून काढायला मला पाऊण तास लागला. बँकेत मात्र चार दिवस गेले, म्हणून आधी बँकेचंच सांगते.

झालं असं, की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ओळखीच्याच नंबरवरून 'आरटीओ चलान' नावाची फाईल आली. आदल्या दिवशी माझे सासरे, आप्पा, द्वारका चौकातल्या सिग्नलला घाईघाईत निघाले होते, त्यामुळे मनात धाकधूक होतीच. फाईलच्या नावाच्या शेवटी एपीके होतं. एपीके म्हणजे कागद नव्हे, अख्खं ॲप, हे त्यांना कुठून माहीत असणार? फोनने दोनदा विचारलं, दोन्ही वेळा त्यांनी 'हो' दाबलं. मेसेज वाचायची परवानगीसुद्धा दिली. अर्ध्या तासात ९,८०० रुपये गेले.

फोन मी लगेच फ्लाइट मोडवर टाकला. माझ्या फोनवरून १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावली, तक्रार नोंदवली, बँकेच्या कस्टमर केअरला सांगून खातं गोठवलं. हे सगळं पटापट झालं. 'जबाबाला येताना फोन आणा, तोवर काही डिलीट करू नका,' असं पोलिसांनी सांगितलं, म्हणून ॲप तसंच ठेवून फोन बंद केला.

आता पेन्शन त्याच खात्यात. गोठवलेलं खातं उघडायला शाखेत गेलो. फॉर्म भरला, आधार दाखवलं, आप्पा स्वतः काउंटरसमोर उभे. मॅडम म्हणाल्या, "काका, मोबाइलवर ओटीपी आलाय तो सांगा."

मी म्हटलं, "अहो, तो फोन चालू केला की ओटीपी आधी चोराला जातो. त्यासाठीच तर आलोय!"

"सिस्टीम मागते ना, ताई."

दुसऱ्या दिवशी साहेब रजेवर. तिसऱ्या दिवशी साहेब होते, त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग ओटीपी आला का?" मी तिथे आवाज चढवला, त्याचा फायदा शून्य. लेखी अर्ज घेऊन पोच द्यायलाही टाळाटाळ. पोच मात्र मी घेतलीच, तारीख आणि वेळेसकट. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कळवल्यानंतर जे पैसे जातील ते बँकेने सोसायचे असतात. तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांच्या आत कळवा, आणि तोंडी सांगून घरी येऊ नका.

चौथ्या दिवशी दारावरच्या वॉचमनदादांनी विचारलं, "ताई, सिम काढून माझ्या डबड्यात का घालत नाही?" त्यांच्याकडे बटणांचा फोन. ना इंटरनेट, ना ॲप. तीन दिवस मला हे सुचलं नाही याची लाज वाटली, बँकेत कुणालाच सुचलं नाही याचा जास्त राग आला. आप्पांचं नॅनो सिम त्या मोठ्या खाचेत बसेना, म्हणून शेजारच्या मोबाइलच्या दुकानातून वीस रुपयांचं अडॅप्टर आणलं. ओटीपी आला. खातं सुरू. पाच मिनिटं!

जबाब झाल्यावर ॲप काढायला बसले. सेटिंगमध्ये त्याच्यापर्यंत पोहोचले की पान आपोआप बंद. फोन सेफ मोडमध्ये, म्हणजे बाहेरून टाकलेली ॲप बंद ठेवून, सुरू केल्यावर ते गप्प झालं. तरी अनइन्स्टॉलचं बटण फिकट, कारण आप्पांनी त्याला डिव्हाइस ॲडमिन, म्हणजे फोनचा कारभारीच, केलं होतं. सुरक्षेच्या सेटिंगमध्ये जाऊन तो हक्क काढला, ॲक्सेसिबिलिटीतला, म्हणजे स्क्रीन वाचायचा आणि बटणं दाबायचा, हक्कही काढला, मग ते निघालं. त्यानंतर फक्त फोटो बाजूला काढून फॅक्टरी रीसेट मारला, म्हणजे फोन कोरा केला. जुन्या ॲपचा बॅकअप परत घेतला नाही. पासवर्ड आणि यूपीआय पिन नवे. व्हॉट्सॲपच्या 'अनोळखी ॲप इन्स्टॉल करा'च्या परवानगीला कायमची कुलूपबंदी.

हां, कॉल फॉरवर्डिंग राहिलं, म्हणजे आपले कॉल चोराने दुसऱ्या नंबरवर वळवलेत का ते बघणं. हे वळवणं नेटवर्कवर असतं, त्यामुळे फोन कोरा केला किंवा सिम दुसऱ्या फोनमध्ये घातलं तरी टिकतं. स्टार हॅश २१ हॅश डायल करून बघा. हे खरं तर सिम डबड्यात घालण्याआधी करायला हवं होतं.

९,८०० अजून आलेले नाहीत. आणि वाहतूक पोलिसांच्या ई-चलानच्या खऱ्या साइटवर बघितलं, तर आप्पांच्या गाडीवर एकही चलान नव्हतं. माझ्या स्कूटीवर एक निघालं, हेल्मेटचं.