चढते दोन, उतरते दोन

नवतप्याचे, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात कडक उन्हाचे दिवस होते. दुपारी दीड वाजता नागपुरात बर्डीच्या रस्त्यावर माणूस दिसत नाही, दिसला तर तोंडाला दुपट्टा बांधलेला. अशा वेळी दुकानात कुणी आलं तर त्याचं काम खरंच अडलेलं असतं, हे एकोणीस वर्षांत मला कळलंय.

दोघं आले. कॉलेजातला एक मुलगा आणि त्याच्या कोपराला धरून त्याचे मामा, चाळिशीतले, हातात घडीची पांढरी काठी. एका बँकेत टेलिफोन ऑपरेटर. मुलानं पिशवीतून प्लेअर काढून काउंटरवर ठेवला. मी मुलालाच विचारलं, "काय होतंय याला?"

"कॉम्प्युटरला लावला की दिसत नाही."

मामा बोलायला लागले, "भाऊ, लावल्यावर आवाज..." पण तोवर मी वायर शोधायला वळलो होतो.

प्लेअर साधा एमपी-थ्री नव्हता. अंध माणसांसाठी बनवलेला, बोलकी पुस्तकं वाचून दाखवणारा. पडदा नाही. फोनसारखे आकड्यांचे उठावदार बटण, पाचच्या बटणावर टिंब, कडेला मेमरी कार्डाची खाच. मामांची पदोन्नतीची परीक्षा पुढच्या रविवारी होती. अभ्यासाची दोन नवी पुस्तकं त्यांनी सुगम्य पुस्तकालयातून उतरवून घेतली होती, ती यात टाकायची होती. हे ऑनलाइन वाचनालय सरकारनं २०१६ मध्ये सुरू केलं. आधी एका दुकानात गेले तर तिथल्या पोरानं पाहता पाहता सांगितलं, फॉरमॅट मारावा लागेल, म्हणजे आतलं सगळं पुसावं लागेल. मामा उठून आले. बरं केलं. आमच्या धंद्यात ज्याला कारण सापडत नाही तो फॉरमॅट मारतो, आणि गिऱ्हाइकाचा माल गेला की "डेटाची गॅरंटी नसते" म्हणून मोकळा होतो. मला या गोष्टीचा फार राग आहे.

मी नेहमीच्या क्रमानं सुरू केलं. टेबलावर एक एक्स्टेंशन वायर कायम लावलेली असते, म्हणजे दिवसभर काढघाल करून कॅबिनेटचा पोर्ट ढिला होत नाही. त्यात प्लेअर लावला. चार्जिंगचा दिवा लागला, पण ड्राइव्ह आला नाही. डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे जोडलेल्या यंत्रांची यादी उघडली तर पिवळा त्रिकोण, 'अननोन यूएसबी डिव्हाइस', कोड ४३. म्हणजे ओळख पटली नाही. नोंद काढून टाकली, पुन्हा लावला, तेच. दुसरी वायर लावली, तेच. जुनं विंडोज असलेला दुसरा कॉम्प्युटर आणला, वायर तीच एक्स्टेंशनमधून ओढली, तेच. भिंगातून पोर्टच्या पिना पाहिल्या. पाचही सरळ होत्या, थोडी धूळ. ब्रशनं साफ केली.

लोक हमखास म्हणतात, "चार्जिंग होतंय म्हणजे वायर चांगली आहे." तसं नसतं. यूएसबीच्या वायरीत चार तारा असतात. लाल आणि काळी वीज नेतात, हिरवी आणि पांढरी बोलणं. कॉम्प्युटरकडच्या चपट्या पिनमध्ये डोकावून पाहा, कडेच्या दोन पट्ट्या मधल्या दोनपेक्षा लांब असतात. आधी वीज मिळावी, मग बोलणं सुरू व्हावं, म्हणून ती रचना. हिरवी-पांढरी आत तुटली तरी दिवा लागतो, बॅटरी भरते, आणि कॉम्प्युटरला मात्र समोर कोण आहे हे कळत नाही. हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगतो. त्या दिवशी स्वतःच्या टेबलावरच्या वायरीवर मला शंका आली नाही.

अर्ध्या तासानं मी मुलाला सांगितलं, "पोर्ट गेला दिसतो. बदलावा लागेल. असा जुना पोर्ट शोधावा लागेल, चार दिवस धरा."

मामा शांतपणे म्हणाले, "भाऊ, तुमच्या कॉम्प्युटरला स्पीकर आहे का?"

"आहे. बंद असतो."

"तो सुरू करा. आणि कूलर बंद करा जरासा."

बाहेर ४५ च्या वर तापलेलं. माझा कूलर जुना, पत्र्याचा, वाळ्याच्या ताट्यांचा. तो चालू असला की शेजारच्यानं हाक मारली तरी ऐकू येत नाही. मेमध्ये दुपारी मी तो कधीच बंद करत नाही. केला. पंखा थांबेस्तोवर थांबलो. ताट्यांतून पाणी टपकत होतं तेवढाच आवाज उरला.

"आता लावा."

लावला. स्पीकरमधून एकाच सुरातले तीन ठोके आले.

मामांनी मान हलवली. "हे तुमचं झालं. माझ्या घरी हे होत नाही. माझ्याकडे आधी चढते दोन सूर येतात. चार-पाच सेकंदांनी उतरते दोन. तीन ठोके मी घरी कधी ऐकले नाहीत. हे दोन वेगळे बिघाड आहेत, भाऊ. मी आल्या आल्या हेच सांगून राहिलो होतो."

मी काही बोललो नाही. विंडोजमध्ये यंत्र जोडलं गेलं की खालून वर जाणारे दोन सूर वाजतात, सुटलं की वरून खाली येणारे. जोडायचा प्रयत्न फसला की तीन सारखे ठोके. मला हे माहीत आहे, पण मी ऐकत नाही, पडद्यावर पाहतो. पडद्यावर त्या गोष्टीचा पत्ता कधी उशिरा लागतो, कधी लागतच नाही. त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर एनव्हीडीए नावाचं फुकट मिळणारं वाचक सॉफ्टवेअर आहे, ते पडद्यावरचं सगळं बोलून दाखवतं. पण सूर त्याच्याही आधी येतात. मामा सुरांवरच चालतात.

एक्स्टेंशन काढून टाकली आणि प्लेअर थेट कॅबिनेटच्या मागच्या पोर्टला लावला. चढते दोन सूर. ड्राइव्ह आला. मी माउसकडे हात नेला तोच उतरते दोन. ड्राइव्ह गेला. म्हणजे अर्धा तास मी माझ्याच वायरीचा बिघाड शोधत होतो, आणि त्यांच्या प्लेअरचा बिघाड मला आत्ता पहिल्यांदा दिसला.

"अजून एक," मामा म्हणाले, "सुटायच्या आधी प्लेअरच्या आतल्या स्पीकरमधून बारीकसं टक् होतं. बटण दाबून सुरू करताना होतं तसंच."

पुन्हा लावला, कान जवळ नेला. टक्. मग उतरते दोन. प्लेअर बंद होऊन पुन्हा सुरू होत होता. पोर्ट ठीक, वायर ठीक. वीज कमी पडत होती.

मग मी मामांना विचारलं, मुलाला नाही. बॅटरीवर किती चालतो? "वीस मिनिटं. म्हणून रात्री उशाशी चार्जरला लावूनच ऐकतो." कधीपासून? "होळीपासून." आणखी काही? "टेबलावर ठेवला की डोलतो आजकाल. आधी सपाट बसायचा." पाठ टेबलाला टेकवून बोटानं दाबली. खरंच डोलत होता. मागचं झाकण कागदाएवढं फुगलं होतं. डोळ्यांनी पाहिलं तर दिसत नव्हतं.

चार स्क्रू काढले. आतला सेल फुगलेला, दुहेरी टेपनं चिकटवलेला. अशा सेलला स्क्रू ड्रायव्हर लावायचा नसतो. वरचं आवरण फाटलं की आतलं लिथियम पेट घेऊ शकतं. प्लास्टिकची पट्टी आणि थोडं अल्कोहोल घेऊन दहा मिनिटं धीरानं सोडवला. मीटर लावला तर ३.९ व्होल्ट. चुकवतं ते इथं. नुसता ठेवलेला सेल चांगलाच दिसतो. वायर लावून प्लेअर सुरू केला आणि कार्ड वाचायला लागताच आकडा ३ च्या खाली घसरला. टक्.

मग सगळं जुळलं. कॉम्प्युटर नव्या यंत्राला सुरुवातीला फक्त १०० मिलीअँपिअर देतो. ओळख पटली, मंजुरी मिळाली की ५०० पर्यंत. ओळख देण्यापुरतं या प्लेअरचं भागत होतं, म्हणून चढते सूर. मंजुरी मिळताच तो कार्ड वाचायला आणि मेलेला सेल भरायला एकदमच लागत होता, आणि तिथं कोसळत होता. घरचा चार्जर एक अँपिअरचा, त्याच्यावर हा निभावून जायचा. होळीपासून हे मामांच्या कानावर पडत होतं आणि विचारायला कुणी नव्हतं.

सेलवर छापलेले सहा आकडे म्हणजे त्याचं मापच असतं, ५०३४५०. पाच मिलिमीटर जाड, चौतीस रुंद, पन्नास लांब. उन्हात मोबाइल पार्टवाल्यांच्या गल्लीत गेलो. तिसऱ्या दुकानात मिळाला, जुन्यावर होतं तसंच संरक्षणाचं छोटं सर्किट असलेला. नसता तर लावला नसता, कितीही घाई असली तरी.

नवा सेल लावला, प्लेअर जोडला. चढते दोन. आम्ही तिघंही थांबलो. एक मिनिट, दोन मिनिटं. उतरते आले नाहीत. विंडोजनं विचारलं, ड्राइव्हमध्ये गडबड आहे, दुरुस्त करू? मी नाही म्हटलं. महिनोन्‌महिने वाचता वाचता सुटलेल्या कार्डावर फायलींची यादी जखमी असते. विंडोजची दुरुस्ती तिला न पटलेले तुकडे बाजूला टाकते आणि मग ते कशाचे हे कुणाला कळत नाही. आधी जसंच्या तसं सगळं उतरवायचं, दुरुस्ती नंतर.

इथं मी अजून एक चूक करणार होतो. प्रत्येक फोल्डरमध्ये एमपी-थ्री आणि त्यांच्यासोबत कितीतरी बारक्या फायली दिसल्या. गाणी वाचवताना करतो तसं मी नुसत्या एमपी-थ्री निवडल्या. माउसच्या क्लिकांवरून मामांना संशय आला असावा. "पूर्ण फोल्डर घ्या. एनसीसीची फाइल सुटली तर पुस्तक मेलं." ही पुस्तकं डेझी पद्धतीची, अंधांच्या बोलक्या पुस्तकांची ती पद्धत. एनसीसी नावाच्या फायलीत प्रकरणं, उपप्रकरणं, पानांचे आकडे असतात. स्माइल फायली सांगतात की कोणतं पान आवाजाच्या कितव्या सेकंदाला सुरू होतं. त्यांच्यामुळंच मामा बटण दाबून थेट पान २१२ वर जातात. त्या गेल्या की उरतो नऊ तासांचा सलग आवाज, त्यात पान शोधणार कसं?

एकतीस पुस्तकं निघाली. दोन अर्धवट होती, ती पुन्हा उतरवता येण्यासारखी. नवी दोन टाकली. मामांनी हेडफोन लावून एक उघडलं, बटणं दाबत थेट सातव्या प्रकरणात गेले, थोडा वेळ ऐकलं आणि हेडफोन काढून माझ्याकडे तोंड करून म्हणाले, "आता कूलर सुरू करा, भाऊ. पोरगं घामानं भिजलं."

सेलचे पैसे घेतले. मजुरी नको म्हटलं तर त्यांनी ऐकलं नाही. शंभर रुपये मोजून काउंटरवर ठेवले, नोटेच्या लांबीवर बोट फिरवून.

रात्री दुकान बंद करताना मी खालचा खण उघडला. लोक परत न्यायला न आलेले प्लेअर त्यात आहेत. चार. कूलर बंद केला, स्पीकर सुरू केला आणि मागच्या पोर्टला एकेक लावून पाहिला. दोन गप्प राहिले. एकानं तीन ठोके दिले. चौथा निळ्या रंगाचा, पाठीवर शाळकरी मुलाचे स्टिकर. त्यानं चढते दोन सूर दिले आणि पाच सेकंदांनी उतरते दोन.

त्याच्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर एक फोन नंबर आहे आणि खाली माझ्या अक्षरात लिहिलंय, 'पोर्ट गेला. होत नाही.'