चिठ्ठीवर मान लिहून घ्या

माझ्या अर्धशिशीच्या गोळ्यांचा हिशेब ऐकून डॉक्टर वैतागले. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ दिवस, ट्रिप्टान (अर्धशिशीवरची खास गोळी) १० दिवस किंवा त्याहून जास्त, असं महिनोन्महिने चाललं की गोळीमुळेच डोकं दुखायला लागतं म्हणे. शिथिलीकरण शिका म्हणून त्यांनी फिजिओथेरपीची चिठ्ठी दिली.

काउंटरवरच्या बाईंनी ती उलटसुलट पाहिली. "डोकेदुखी आमच्याकडे येत नाही. मान, कंबर, गुडघा, असं लिहून आणा." फॉर्मवर खरंच डोक्याला रकाना नव्हता. मानही आखडते हो, म्हटलं. अर्धशिशीत अनेकांची आखडते. पण तोंडी चालत नाही. "फाल्यां येयात," म्हणजे उद्या या. फाल्यां डॉक्टरांची ओपीडी नसते, हे त्यांनाही ठाऊक! पुन्हा डिचोलीहून कदंब, म्हणजे गोव्याची सरकारी बस, पुन्हा रांग. डॉक्टरांनी हसत एक शब्द वाढवला, तर शिक्का मारणारे जेवायला गेलेले. बसायला बाक मिळाला तो लुकलुकणाऱ्या ट्यूबलाइटखाली. फरशी नुकतीच फिनेलने पुसलेली, वर टीव्ही मोठ्याने. अर्धशिशीवाल्याला तिथे बसवणं म्हणजे दमेकऱ्याला चुलीपाशी बसवणं. गॉगल घेऊन जा. लोक बघतात, बघू देत.

आतली फिजिओथेरपिस्ट मुलगी मात्र गुणी. जेकबसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरची जुनी पद्धत तिने शिकवली: मूठ, खांदे, कपाळ, जबडा एकेक करून काही सेकंद आवळायचे, मग सैल सोडायचे आणि तो फरक नीट जाणवून घ्यायचा. रोज करायचं, डोकं शांत असतानाही. मालिश म्हणजे कवटीच्या खाली, मानेच्या दोन बाजूंना बोटांनी हलका दाब, मग खांदे. डोकं उठलेलं असताना कंगवाही सोसत नाही, तेव्हा मालिशचा हट्ट नको.

तेल घरचं खोबरेल, तेही वास सोसत असेल तर. किनाऱ्यावरच्या पार्लरमधल्या सुवासिक तेलाने माझं तरी डोकंच उठतं. आणि सलूनमध्ये मान कडकन मोडून घेणाऱ्यांनो, त्याने मानेतली रक्तवाहिनी फाटू शकते. अचानक कधी नव्हे इतकं डोकं दुखलं, बोलणं अडखळलं, हात लुळा पडला तर तेल बाजूला ठेवा, १०८ लावा.

माझी अर्धशिशी गेलेली नाही. गोळ्या मात्र निम्म्याहून कमी झाल्यात, आणि हे मी भेटेल त्याला सांगते.

हो, "मान" लिहिलंय का ते डॉक्टरांच्या खोलीतच वाचून घ्या. त्यांचं अक्षर काउंटरवर कुणाला लागत नाही.