आमची वाटचाल : दुकानाचं भाडं आणि ९० दिवस

वह्या-स्टेशनरीच्या धंद्यात खरी विक्री जून-जुलैची, पण माल एप्रिल-मेमध्येच भरावा लागतो. पैसा रॅकवर जाऊन बसतो आणि भाडं मागे पडतं. आमचं भाडं महिना ८,००० रुपये. सहा महिन्यांचं थकलं आणि जागामालकांच्या वकिलांची नोटीस आली.

जागा जुन्या भाडेकरारावरची, म्हणून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू. लिव्ह अँड लायसन्सवरच्या गाळ्याला पुढे सांगितलेलं संरक्षण नाही. दुकानदारांनी आपला कागद नेमका कोणता आहे, ते आधी बघावं.

कलम १५ प्रमाणे थकबाकीच्या मागणीची लेखी नोटीस बजावल्यावर ९० दिवस दावा लावता येत नाही. प्रकरण मिटवायची सगळ्यात स्वस्त वेळ हीच. आम्ही या काळात दोन महिन्यांचं भाडं रोख दिलं, पावती घेतली नाही. मालकाने पावती देणं कायद्याने बंधनकारक आहे, पण मागायला हवी. कागदावर नसलेले ते १६,००० पुन्हा भरावे लागले. रोख घेत नसतील तर बँकेतून पाठवावं आणि शेऱ्यात ‘दुकानभाडे’ आणि महिना लिहावा. मनिऑर्डर नाकारली तर परत आलेली पावती जपून ठेवावी.

दावा लागला तरी एक संधी उरते. समन्स बजावल्यापासून ९० दिवसांत थकलेलं सगळं भाडं, त्यावर वर्षाला १५ टक्के सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च भरला, तर थकबाकीच्या कारणावरून ताब्याचा हुकूम होत नाही. दिवस समन्स हातात पडल्यापासून मोजायचे, कोर्टाच्या पहिल्या तारखेपासून नाही. इथेच बरेच जण चुकतात.

व्याजाचा हिशेब असा : ८,००० वर महिन्याला १०० रुपये. आमचं प्रकरण इथवर येईपर्यंत १४ महिने थकले होते. सर्वात जुन्या भाड्यावर १४ महिन्यांचं व्याज, पुढच्यावर १३ महिन्यांचं, असं करत शेवटच्यावर एका महिन्याचं. बेरीज १०,५००. भाडं १,१२,०००. एकूण १,२२,५००, शिवाय दाव्याचा खर्च. नुसतं भाडं भरून व्याज विसरलं तर रक्कम अपुरी ठरते आणि संरक्षण जातं. अनामत रकमेतून वळती होईल, या भरवशावरही राहू नये.

रक्कम कोर्टात भरायची तर वकिलामार्फत अर्ज, त्यावर हुकूम, मग नाझरकडे, म्हणजे कोर्टातल्या पैसे स्वीकारणाऱ्या कर्मचाऱ्याकडे, भरणा. यात दिवस जातात, म्हणून ९० व्या दिवसाची वाट बघू नये. आणि निकाल लागेपर्यंत दरमहा भाडं भरत राहायचं. मोठी रक्कम भरून झाल्यावर माणूस निर्धास्त होतो आणि नेमका पुढचा एखादा महिना चुकतो.

कायद्याच्या प्रक्रियेशिवाय कुणी शटरला कुलूप ठोकून ताबा घेतला, तर ताबा परत मिळवण्याचा दावा ६ महिन्यांच्या आत लावावा लागतो.

आता गल्ला मोजायच्या आधी रोज ३१० रुपये काउंटरखालच्या एका जुन्या कंपासपेटीत जातात. २६ दिवसांचे ८,०६०. जूनच्या मालाला त्यातली एक नोटही लागत नाही.