आमची वाटचाल : कोंबडीखाद्यापासून डुकराच्या खाद्यापर्यंत

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत पत्र्याच्या शेडमधे एक मिक्सर, एवढाच आमचा पसारा. सुरवात कोंबडी आणि दुभत्या जनावरांच्या खाद्यानं झाली, मका भरडा, सोया पेंड, तूर चुनी वगैरे. डुकराचं खाद्य नंतर आलं, घरात जरा नाकं मुरडली पण ऑर्डर होती म्हणून केलं.

खरा विषय व्हिटॅमिन ई चा. वाढत्या डुकराला किलो खाद्यात ११ आययू (व्हिटॅमिन मोजायचं माप, ई चं साधारण एक मिलीग्रॅम) पुरतं, पण मटण टिकावं म्हणून शेवटचे काही आठवडे १०० ते २०० मिलीग्रॅम देतात. कारण असं की डुकराला गाईसारखं रवंथाचं पोट नाही, त्यामुळं भाताचा कोंडा, सोयातेल जे खाईल ते तेल तसंच चरबीत उतरतं, चरबी मऊ पडते आणि जुन्या शेंगाचटणीसारखी लवकर खवट होते. व्हिटॅमिन ई पेशीच्या पडद्यात बसून हे खवटणं लांबवतं. खिम्यात वरून मिसळलं तर तेवढा उपयोग नाही, पोटातूनच जायला पाहिजे.

पण शेतकरी विचारणार, "मालक, वजन किती वाढंल?" मी सरळ सांगायचो, वजन नाही वाढत ओ. मग तो कशाला पैसे घालेल, व्यापारी तर जिवंत वजनावरच भाव देतो! फायदा होतो तो मटण साठवणाऱ्याचा. म्हणून आम्ही स्वतः सॉसेज, फ्रोझन खिमा करणाऱ्यांकडं गेलो. एका गिऱ्हाइकानं साध्या आणि ई वाल्या, दोन्ही खाद्यांवरच्या डुकरांचा जुना खिमा फ्रीझरमधून काढून तव्यावर टाकला, साध्या खाद्याच्या खिम्याचा उग्र वास लगेच नाकात गेला. उणे १८ ला पण खवटणं हळूहळू चालूच असतं. रंगाचं मात्र मी छातीठोक सांगत नाही, बीफमधे फरक चांगला दिसतो, डुकरात तेवढा भरवसा नाही. मटण मऊ व्हावं म्हणून कापायच्या आधी व्हिटॅमिन डी३ चा मोठा डोस द्या म्हणणारे पण भेटतात, त्याचे रिझल्ट कधी येतात कधी नाही, आम्ही विकत नाही. आणि व्हिटॅमिन सी तर डुक्कर स्वतःच तयार करतं, त्याचं काय विकायचं!

आमच्याकडं मे महिन्यात पारा ४२ च्या वर, शेडमधे प्रीमिक्स, म्हणजे खाद्यात घालायचं व्हिटॅमिनांचं तयार मिश्रण, कसं टिकणार? कोलीन क्लोराइड (हे पण व्हिटॅमिनासारखंच खाद्यात घालतात) ओल धरतं आणि बाकीची व्हिटॅमिनं खराब करतं, म्हणून ते वेगळं ठेवतो, प्रीमिक्स थोडं थोडंच मागवतो. ई वालं फिनिशर, म्हणजे शेवटच्या आठवड्यांचं खाद्य, आता फक्त ऑर्डरवर बनतं, बाकीच्यांना साधं पोतं.