पडशीत काय, टेंपोत काय

गोव्यातून पंढरपूरला पायी जाणाऱ्या दिंडीबरोबर सामानाचा टेंपो असतो. वळकटी, रात्रीचे कपडे, जास्तीचं धोतर-लुगडं, ताट-वाटी सगळं त्यात जातं. खांद्यावर घ्यायचं ते फक्त सकाळी निघाल्यापासून दुपारच्या विसाव्यापर्यंत आणि तिथून संध्याकाळच्या मुक्कामापर्यंत लागेल तेवढंच. हिशेब इतका साधा, तरी साखळीच्या विठ्ठलापुरात दर्शन घेऊन आम्ही वाळवंटीच्या काठाने निघतो तेव्हा निम्म्या लोकांच्या पाठीवर अख्खा संसार असतो. छत्री आहेच, वर रेनकोट. रेनकोट फाटला तर, म्हणून दुसरा रेनकोट.

मी पोस्टात काउंटरवर आयुष्य काढलं. वस्तू हातात घेतली की वजनाचा अंदाज येतो, आणि अंदाजावर समाधान होत नाही म्हणून घरी एक छोटा काटा ठेवलाय. दरवर्षी निघायच्या आधी आमच्या आळीतली मंडळी आपापल्या पिशव्या घेऊन माझ्या ओसरीवर येतात. काकी, जरा वजन करून सांगा म्हणतात. मी सांगते. मग रुसवे होतात.

आमची वाट साखळी, पर्ये, केरी अशी जाऊन चोर्ला घाट चढते. वर कणकुंबी, पुढे जांबोटी, बेळगाव, मग मिरज, सांगोला आणि पंढरपूर. म्हणजे एकाच वारीत दोन वेगळे मुलूख. गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, घाटाच्या पायथ्याच्या सत्तरी तालुक्यात त्याहून जास्त. सांगोल्याकडे तर आभाळाकडे बघत बसायचं. आषाढी कधी जूनच्या शेवटी येते (२०२३ साली २९ जूनला होती), कधी जुलैच्या मध्यावर (२०२४ साली १७ जुलैला), पण सत्तरीतला पाऊस सहसा चुकत नाही. त्यामुळे पिशवी निवडायची ती घाटाकडे बघून.

सुती झोळी किंवा खादीची शबनम दिसायला वारीला शोभते. पण कापूस पाणी पितो. केरी सोडून तासभर चाललं की कोरडी असताना दोनशे ग्रॅमची झोळी दुपटीच्या पुढे गेलेली असते आणि आतला पंचा, पोथी, चार बिस्किटं यांचा एकच लगदा होतो. शिवाय पट्टा एकाच खांद्यावर. दिवसभरात अंग त्या बाजूला कलतं आणि रात्री दुखते ती दुसऱ्या बाजूची कंबर.

दुसरी ती दोरीची पिशवी. ही कुणी ना कुणी फुकट वाटतं, पुढे फोटो आणि शुभेच्छा छापलेल्या असतात. वजन नगण्य, शंभर ग्रॅमच्या आत. पण त्या बारीक दोऱ्या खांद्यात रुततात, आणि दोरी कितीही ओढली तरी तोंडाशी भोक राहतंच. नेमका तिथूनच पाऊस आत उतरतो. घ्यायचीच असेल तर दोऱ्यांखाली पंचाची घडी घालावी, आणि आत सामानासाठी जाड प्लॅस्टिकची पिशवी घालून तिचं तोंड पिळून दुमडावं. बाहेरची पिशवी भिजू दे, आतली कोरडी राहिली म्हणजे झालं. खरं तर हे सगळ्याच पिशव्यांना लागू आहे. ‘वॉटरप्रूफ’ असं छापलेल्या पिशवीलाही शिवणीतून पाणी येतं, आणि चोर्ल्याचा पाऊस नुसता वरून पडत नाही, वाऱ्यासोबत खालून वर येतो.

राहिली ट्रेकिंगची सॅक. ती वाईट नाही, पण ती वेगळ्या कामाची. सह्याद्रीत तंबू घेऊन चार दिवस फिरायचं तर तिच्याशिवाय चालणार नाही. दिंडीत मात्र ती आडवी येते. एक तर ती रिकामीच दीड किलोची. दुसरं, दिंडीत टाळकरी ओळीने चालतात, पावली खेळताना मागे-पुढे होतात, आणि पाठीवरचा तो डोंगर मागच्याच्या टाळाला लागतो. तिसरं कारण सॅक शिवणाऱ्याला सुचणं शक्यच नव्हतं: वारीत माणूस दिवसभर वाकत असतो. भेटेल त्याच्या पाया पडायचं, तोही आपल्या पाया पडणार. सॅक घेऊन वाकलं की ती पाठीवरून घसरून मानेवर येते आणि वरचा कप्पा डोक्यावर आपटतो. गेल्या खेपेस आमच्यात इंजिनिअरिंगचा एक मुलगा होता, मोठा गुणी. कणकुंबीपर्यंत तो एका हाताने सॅक धरून दुसऱ्या हाताने नमस्कार करत होता. शेवटी विणेकरी बुवाच म्हणाले, “माउली, तो वाडा टेंपोत ठेव बघू.”

माझं मत पडशीच्या बाजूने आहे. पूर्वीचे वारकरी तीच वापरत. एक लांब पट्टा, दोन टोकांना दोन खण. खांद्यावर टाकली की एक खण छातीवर येतो आणि एक पाठीवर. पुढचं आणि मागचं वजन एकमेकांना तोलतं, त्यामुळे खांद्यावर ओझं असलं तरी ओढ नसते. खांदा अवघडला की या खांद्यावरून त्या खांद्यावर टाकायची, चालता चालता. पुढच्या खणातलं काढायला थांबावं लागत नाही, कुणाला “जरा मागची चेन उघड गे” म्हणावं लागत नाही. दोन्ही हात टाळाला मोकळे. तुळस किंवा पाण्याचा हंडा डोक्यावर घेणाऱ्या बायकांना तर याहून सोयीचं काही नाही.

जुनी पडशी जाड सुती कापडाची असायची. मी ती छत्रीच्या कापडाची शिवून घेतली. पावसाळ्याच्या तोंडावर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात छत्र्या दुरुस्त करणारे बसतात, त्यांच्याकडे काड्या मोडलेल्या छत्र्यांचं कापड मिळतं. ते पातळ असतं, पाणी धरत नाही आणि तासाभरात वाळतं. मात्र सगळीच पडशी त्या कापडाची केली तर खांद्यावरून सटकते. म्हणून मधला, खांद्यावर येणारा भाग मांजरपाटाचा, दुहेरी. खणांची तोंडं खांद्याकडे आणि त्यांवर झाकण येईल अशी वीतभर पट्टी. दोन्ही खणांच्या खालच्या कोपऱ्याला एकेक नाडी, ती काखेखालून बांधली की फुगडी घालताना पडशी भिरभिरत नाही. लांबी ज्याच्या त्याच्या उंचीप्रमाणे, खणाचा तळ कमरेच्या वरच राहायला हवा. खाली गेला तर प्रत्येक पावलाला मांडीवर आपटतो. माझ्या शिंप्याने आधी डोकं खाजवलं, मग एका दुपारात शिवून दिली. काट्यावर सव्वाशे ग्रॅम.

पाठीच्या खणावर त्याच्याकडून एक चमकणारी पट्टीही लावून घेतली, सायकलवाले लावतात तसली. ती शोभेची नाही. बेळगावची बरीच भाजी चोर्ल्यातूनच गोव्यात उतरते, त्यामुळे घाटात ट्रक-टेंपोंची वर्दळ असते, आणि धुकं असं की पुढच्या ओळीतली पताका दिसत नाही. काळ्या छत्रीच्या कापडाची पडशी घेतलेला माणूस त्या धुक्यात ड्रायव्हरला दिसायचा कसा?

आता खणांत काय. पाणी हे सगळ्यांत जड सामान, लिटरला किलो. लिटरची एक बाटली घेण्यापेक्षा अर्ध्या लिटरच्या दोन घ्याव्या, एक पुढे एक मागे, म्हणजे तोल राहतो. पिताना दोन्हींतलं सारखं पीत जायचं. घाटात वस्ती नाही, तेव्हा केरीला आजोबा देवाच्या देवळापाशी दोन्ही भरून घ्यायच्या. वर कणकुंबीपासून गावं लागतात, तिथे एक भरलेली पुरते. मिरजेच्या पुढे ऊन लागतं, पण तिकडे दर फर्लांगावर कुणीतरी पाणी घेऊन उभं असतं, त्यामुळे उलट कमी वाहावं लागतं. हे माहीत नसलेली माणसं कोरड्या मुलखाच्या धास्तीने दोन-दोन लिटर वाहतात.

पावसासाठी प्लॅस्टिकचा कागद, ज्याला वारीत इरलं म्हणतात. डोक्यावरून घेतला की पडशीसकट माणूस झाकला जातो, विसाव्याला तोच जमिनीवर अंथरायचा. छत्रीचा घाटात काही उपयोग नाही, वारा पहिल्या वळणावर ती उलटी करतो. आणि हात गुंततो तो वेगळाच.

एक पंचा. हरिपाठाची छोटी पोथी दुधाच्या धुतलेल्या पिशवीत. दुसऱ्या तसल्याच पिशवीत मोबाइल. एका डबीत खोबरेल तेल, ते सकाळी बोटांच्या बेचक्यांत आणि टाचेला चोळायचं. ओल्या पायाला चपलेचा पट्टा घासला की फोड येतो, आणि एकदा फोड आला की पुढचे चार मुक्काम त्याच्याच मर्जीने. ओआरएसच्या दोन पुड्या. त्या ठरलेल्या पाण्यातच कालवाव्या, पुडीवर किती लिहिलंय ते वाचावं. अर्ध्या बाटलीत अख्खी पुडी ओतणारे शहाणे दरवर्षी भेटतात. आमसुलं मूठभर, चघळायला. आणि मिठाची पुडी. मीठ जळवांना. विसाव्याला गवतात बसलं की घाटात त्या चढतातच, मीठ टाकलं की सुटतात. तेच मीठ रात्री कोमट पाण्यात टाकून पाय शेकायचे. दोन कामांना येणारी वस्तू मला फार आवडते.

रोजच्या गोळ्या टेंपोत ठेवू नयेत. टेंपो पुढे गेला, रस्ता बंद झाला, चुकामूक झाली, काहीही होऊ शकतं. दोन दिवसांच्या गोळ्या पडशीत, बाकीच्या सामानात. मधुमेह असेल तर गुळाचा खडा किंवा साखर पुढच्याच खणात हवी, कारण चक्कर येताना मागच्या खणात हात जात नाही. नाव, घरचा फोन, रक्तगट आणि चालू औषधं लिहिलेली चिठ्ठी पडशीत एक आणि अंगावर एक. अंगावर का, तर पंढरपूरच्या गर्दीत पडशी हातातून सुटते, तेव्हा चिठ्ठीही तिच्याबरोबर जाते. पैशांचंही तसंच, ते कमरेला बांधलेल्या कशात, म्हणजे कापडी पिशवीत. बायकांना बटवा आहेच.

हे सगळं पाण्यासह माझ्या काट्यावर दोन किलोच्या आत बसतं. टाळ त्यात धरले नाहीत, ते गळ्यात असतात. चार्जिंगचं पॉवर बँक मी नेत नाही, पण तरुण मंडळींना ते सोडवत नाही. नेईनात बापडी, फक्त सहाजणांत एक पुरे, सहाजणांत सहा नको. तेच कात्री, सुईदोरा आणि टॉर्चचं. आमच्या ओळीत आम्ही हे आधीच वाटून घेतो: सुईदोरा कुणाकडे, पट्ट्या कुणाकडे. त्या निमित्ताने लोक एकमेकांकडे मागायला शिकतात. गोव्याच्या माणसाला मागायची फार लाज, आपलं आपल्याकडे असलेलं बरं वाटतं.

पर्येची एक आजी आमच्याबरोबर येते, वय सत्तरीच्या पुढे. तिच्या खांद्यावर कधी पिशवी पाहिली नाही. इरलं कमरेला गुंडाळलेलं, कनवटीला पानाची चंची, हातात स्टीलचा पेला. मी एकदा माझ्या काट्याची मोठी फुशारकी सांगत होते, तर म्हणाली, “रातचें टेंपोंत आसा न्ही? मागीर तें खांदार कित्याक?” (रात्रीचं टेंपोत आहे ना? मग ते खांद्यावर कशाला?) मी तिला गोळ्या, चिठ्ठी, ओआरएस सगळं समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि चक्कर आलेल्या एका बाईसाठी माझ्याच पडशीतली पुडी मागून नेली. म्हणजे तिचं न नेणं माझ्या नेण्यावर चाललं होतं, हे आहेच. पण पाणी ती वाटेत मागून पीत होती आणि चढणीला माझ्यापुढे होती, हेही आहे.

बेळगाव मागे पडलं की पडशी पुन्हा एकदा लावायची. इरलं खाली, तळाशी. टोपी आणि पंचा वर. मिठाची पुडी आता पायांपुरती. घाटात ओली झालेली पडशी उलटी करून रात्रभर वाळवावी, नाहीतर मांजरपाटाच्या भागाला कुबट वास येतो आणि ऊन लागलं की तो वास आपल्याला सोडत नाही.

परतीचा प्रवास बसने. तेव्हा पडशीत चुरमुरे, बत्तासे, तुळशीच्या माळा, शेजाऱ्यांनी सांगितलेलं काय काय भरलं जातं, आणि वजनाचा सगळा हिशेब बिघडतो. बिघडू दे, आता चालायचं नाही. फक्त बुक्का कागदाच्या पुडीत आणू नका. छत्रीच्या कापडातूनही तो झिरपतो, मांजरपाटाला लागला तर तीन धुण्यांत निघत नाही. घट्ट झाकणाची डबी न्या. जाताना तीत खोबरेल तेल असतं, ते पंढरपूरपर्यंत संपलेलं असतं. पुसून घ्या म्हणजे झालं.